डावीकडे पाहताना

नवऱ्याने मागून येऊन तिच्या मानेवर हात ठेवला, चष्म्याची काच उचलावी तितका हलका, आणि तिच्या हातून पातेलं सुटून ओट्यावर पडलं. पाणी त्याच्या शर्टावर गेलं, तिच्या पायांवर सांडलं आणि फरशीवरून पसरत फ्रिजखाली शिरलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर निदान दोघांनाही काहीतरी बोलता आलं असतं. तिने दात आवळले आणि खांदे कानांपर्यंत उचलून ती तशीच उभी राहिली, जणू फटका बसणार आहे पण कुठून ते ठाऊक नाही. "अगं, मीच आहे," तो म्हणाला. "माहीत आहे," ती म्हणाली. "मग?" त्याने फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसून फ्रिजखालचं पाणी टिपलं, फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि शर्ट बदलायला आत गेला. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा. कुठे किती जोर द्यायचा हे बोटांनाच कळणारा माणूस, आणि घरात आपल्याच बायकोजवळ आला की हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेनासं झालं होतं. ती उभी होती तिथेच उभी राहिली. डाव्या कानाच्या मागून निघालेली कळ खांद्याच्या पात्यापर्यंत उतरली, तिथे थांबली, पुन्हा वर आली. आता ही संध्याकाळभर बसणार, हे तिला कळलं. पाहुणा चपला काढून आत आला की किती वेळ बसणार ते त्याच्या बसण्यावरून कळतं, तसं.

अपघाताला वर्ष होत आलं होतं. अपघात म्हणायचा तोही किती साधा. ती चालवायची ती बस थांब्यावर उभी होती. ब्रेक लावलेला, पुढचं दार उघडलेलं. एक म्हातारे गृहस्थ उतरत होते, शिडीवरून उतरावं तसे उलटे, दोन्ही दांड्यांना धरून. त्यांचा दुसरा पाय जमिनीला लागेपर्यंत दार मिटायचं नाही म्हणून ती मान डावीकडे वळवून त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात मागून ट्रक आला. आवाज तिने नंतर ऐकला असं तिला वाटत होतं. आधी समोरची काच जवळ आली आणि मग लांब गेली. म्हातारे गृहस्थ फुटपाथवर बसलेले होते आणि टोपी शोधत होते. कोणी गेलं नाही, कोणाचं हाड मोडलं नाही. मागच्या बाकावरच्या एकाच्या कपाळाला टाके पडले, ट्रकवाल्याचा ओठ फुटला आणि तिची मान लचकली. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. ती स्वतःही म्हणत होती. गळ्याला पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या, शेक घेतला. सूज गेली. फोटो काढले, मोठ्या मशीनच्या नळीत घालून आणखी फोटो काढले, आणि हाडांच्या डॉक्टरांनी ते उजेडासमोर धरून सांगितलं, "उत्तम. काही नाही." ते खूश होते. त्यांच्या खुशीत सामील व्हायला हवं म्हणून तीही हसली आणि दवाखान्याच्या पायऱ्या कठडा धरून एकेक करत उतरली, कारण त्या उत्तम मानेला खाली बघता येत नव्हतं.

डेपोत तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं होतं. कुठली गाडी कुठून सुटते, शेवटची केव्हा, हरवलेली छत्री कुठे मिळेल. कोणी बाजूने हाक मारली की ती खुर्चीसकट वळायची, म्हणून ड्रायव्हर मंडळींनी तिचं नाव 'मान्यवर' ठेवलं. "मान्यवरांना चहा द्या रे." तीही हसायची. विनोद चांगला होता, आणि हसलं नाही तर माणसं जास्त बघतात. पण तिच्या लक्षात आलं होतं की हल्ली कोणी हसताना नीट तिच्या डोळ्यांत बघत नाही. सगळं धडधाकट दिसतंय, रिपोर्ट स्वच्छ आहेत, पंख्याखाली बसून पगार मिळतोय, मग दुखणार नाही तर काय होणार. हे कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. दुपार झाली की मान जड व्हायची, दगड बांधल्यासारखी, आणि तिला वाटायचं की खुर्ची वाईट आहे. मग खुर्ची बदलली. पंखा वाईट आहे वाटलं, पंखा बंद केला. उशी बदलली, उशी काढून टाकली, टॉवेलची गुंडाळी केली. बरं वाटेल त्या दिवशी तुंबलेली सगळी कामं उपसून काढायची, कपडे, जाळ्या, कपाटं, आणि मग पुढचे दिवस भिंतीकडे तोंड करून आडवं पडायचं. मानगुटीवर काहीतरी येऊन बसलंय आणि ते उतरायचं नाव घेत नाही. आणि ते फक्त तिलाच दिसतं.

तिला गाडी हवी होती. हे ती कोणाला नीट सांगू शकत नव्हती, कारण ऐकणाऱ्याला वाटायचं की हा मानाचा प्रश्न आहे. तसं नव्हतं. उंच सीटवर बसून ते थाळ्याएवढं चाक दोन्ही हातांनी फिरवताना शहर जे हळूहळू बाजूला व्हायचं, ते तिला हवं होतं. पण चालवायचं तर दर थांब्याला डावीकडे बघायला हवं. दाराकडे, दाराबाहेरच्या आरशाकडे, उतरणाऱ्या पायांकडे. तपासनिसासमोर चालवून दाखवायचं होतं. जमलं तर गाडी, नाही तर खिडकी कायमची. दोनदा तिने तारीख पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा ढकलता येणार नाही, असं डेपोतून सांगितलं होतं.

आणि मग तो स्टुलाचा प्रकार झाला. सुट्टीचा दिवस, नवरा बाहेर गेलेला. सासूबाई पडदे धुवायला काढायचे म्हणून स्टुलावर चढल्या. तिने नको म्हटलं होतं, पण "तुला वर बघता येत नाही, मग मीच काढते," असं म्हणून त्या चढल्या, आणि त्या वाक्याला किंचित धार होती. ती शेजारी बसून डब्यात पडद्याच्या कड्या गोळा करत होती. डाव्या हाताला स्टुलाचा पाय करकरला. पुढचं काय झालं ते तिला झाल्यावर कळलं. ती उठली होती, वळली होती, आणि सासूबाई पडद्यासकट तिच्या मिठीत होत्या. दोघींचे श्वास जोरजोरात चालले होते. कड्या घरंगळत पलंगाखाली गेल्या. सासूबाईंचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर होता, त्यांच्या पापण्या थरथरत होत्या. मग त्यांनी पडद्यातून हात बाहेर काढला आणि श्वास पुरता खाली बसायच्या आतच म्हणाल्या, "मान वळली की तुझी."

मान खरंच वळलेली होती. हनुवटी डाव्या खांद्याच्या वर होती. आणि दुखत नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं. तिने मान सावकाश, चोरून, सरळ केली. जणू कोणाची वस्तू हातात सापडली होती आणि ती गुपचूप जागेवर ठेवायची होती. रात्री जेवताना सासूबाईंनी मुलाला सांगितलं. वाईट मनाने नाही, कौतुकानेच सांगितलं, "अरे, कशी विजेसारखी वळली, मला वाटलं हिची मान बरी झाली." नवऱ्याने घास तोंडात तसाच ठेवून तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत आनंद होता आणि आनंदाच्या मागे दुसरं काहीतरी होतं, हिशेब नाही, शंकाही नाही, पण शंका येऊ नये म्हणून केलेली घाई. "चांगलंच झालं की," तो म्हणाला. ती ताट घेऊन उठली. तोवर कळ आली होती, नेहमीपेक्षा दुप्पट, डोक्याची डावी बाजू फुटेल अशी. पण आता ती कोणाला सांगणार. अंथरुणात डोळे उघडे ठेवून ती स्वतःलाच विचारत राहिली की तू नाटक करतेयस का. एखादं माणूस स्वतःला न सांगता नाटक करू शकतं का. चौकशीच्या खिडकीवर बसायला आवडत असेल का तुला. ट्रकवाल्याचा ओठ बरा झाला, म्हाताऱ्यांची टोपी सापडली, आणि तूच एकटी का घेऊन बसलीस. हे विचार दुखण्यापेक्षा वाईट होते, कारण दुखणं निदान मानेत होतं.

व्यायामाच्या डॉक्टरांकडे ती काही आठवडे जात होती. आडव्या अंगाचे, कमी बोलणारे, तळहात कायम गरम असलेले गृहस्थ. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कसं काय, आणि तिने स्टुलाचं सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, आणि शेवटी, त्यांनी काही म्हणायच्या आधीच म्हणाली, "मी खोटं बोलत नाहीये."

"कोण म्हणालं खोटं?"

"कोणी नाही."

"मग ही चांगली बातमी आहे. मान वळते, हे कळलं."

"वळते तर दुखते कशाला?" तिचा आवाज चढला. बाहेर बाकावर बसलेला पेशंट आत डोकावला. "म्हणजे सगळं माझ्या मनातच आहे, असंच ना? सरळ सांगा ना मग."

डॉक्टर उठले, त्यांनी दार लोटून घेतलं. परत येऊन बसले. "दुखणं खरं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला दुखतंय म्हणजे दुखतंय, त्याला माझी सही नको. पण लचक होती ती भरून आलीय. आता दुखतंय ते जखमेचं नाही, पहाऱ्याचं आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. तुमची मान ताक फुंकतेय."

तिला ते पटलं नाही. इतक्या सोप्या म्हणीत तिचा वर्षभराचा नरक बसवलेला तिला अपमानासारखा वाटला. "मग स्टुलाच्या वेळी का नाही फुंकलं?"

"तेव्हा फुंकायला वेळ कुठे होता? सासूबाई पडत होत्या. त्यापुढे मान कुठली." ते थोडं थांबले. "धडक बसली तेव्हा मान कुठे होती तुमची? समोर?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ट्रक किती वेगात होता, पट्टा लावला होता का, चक्कर आली होती का, हे सगळं विचारून झालं होतं. तिने त्या उलट उतरणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल सांगितलं. सांगता सांगता तिचे खांदे वर चढले, आणि डॉक्टरांनी काही न बोलता स्वतःचे खांदे खाली सोडून दाखवले. तिने आपले सोडले. "डावीकडे बघितलं की घात होतो, असं अंगाने धरून ठेवलंय," ते म्हणाले. "तुम्ही दामटून नेलंत तर ते आणखी घट्ट धरेल. सोडून दिलंत तरी धरेलच. रोज थोडं, झेपेल एवढंच, बरं वाटलं तरी जास्त नाही आणि वाईट वाटलं तरी बंद नाही. आणि लक्ष ठेवा, न हलताही कळ केव्हा येते ते."

घरी जाताना ती चिडलेलीच होती. ताक म्हणे. पण शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसल्या बसल्या ती स्वतःवर नजर ठेवू लागली. कोणी छत्रीबद्दल विचारत होतं, ती उत्तर देत होती, आणि मागे फलाटावर गाडी लागली. हवेच्या दाबाने दार उघडलं, फुस्स. तिचा डावा खांदा बोटभर वर गेला. कोणी बघितलं असतं तरी कळलं नसतं. पुन्हा एक गाडी, पुन्हा फुस्स, पुन्हा खांदा. दिवसभर गाड्या येत होत्या. दिवसभर दारं उघडत होती. म्हणजे खुर्ची नव्हती, पंखा नव्हता, उशी तर बिचारी कशातच नव्हती. मान जागची हललेली नसताना दुखतेय, हे ती पहिल्यांदा होताना बघत होती. भीती वाटली, कारण आता हे खरंच तिच्याच आत कुठेतरी होतं. आणि काहीतरी सैलही झालं, कारण जे आत आहे त्याला निदान जागा आहे.

तिची जुनी कंडक्टर, जिला सगळे 'शिट्टी' म्हणायचे, तिला तिने गाठलं. "मला एका उभ्या गाडीत बसायचंय. तू दार उघड आणि मीट. बस, एवढंच." शिट्टीने भुवया उंचावल्या, पण कारण विचारलं नाही. दुपारी डेपोच्या मागच्या आवारात एक गाडी मोकळी होती. ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली. वर्षात पहिल्यांदा. सीटचं रेक्झिन उन्हाने तापलं होतं, चाकाला कोणाच्या तरी हातांचा वास होता. इंजिन चालू केलं. शिट्टीने वाकून बटण दाबलं. फुस्स. कळ निघाली. ती समोर बघत राहिली, भिंतीवरच्या शेवाळाकडे, श्वास सोडत राहिली. "पुन्हा?" "पुन्हा." आठवडाभर रोज थोडा वेळ त्या दोघी हेच करत होत्या. आधी डोळे सरळ, मग नुसते डोळे डावीकडे, मग नाक, मग हनुवटी. एक दिवस उत्साहाच्या भरात ती दाराबाहेरच्या आरशापर्यंत गेली आणि दोन दिवस पडून राहिली. पडल्या पडल्या तिने ठरवलं की यात रडण्यासारखं काही नाही, आणि मग थोडं रडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली, नुसते डोळे डावीकडे. शिट्टी म्हणाली, "दाराचं बटण झिजवलंस तू, मान्यवर." आणि या वेळी हसणं आपोआप आलं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी सासूबाई तिच्या जवळ येऊन बसल्या. पडदे अजून तसेच होते, अर्धे काढलेले. "एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मी काही पडले नव्हते. तू धरलंस. कुठे खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून ते स्टूल दिसलं तरी माझ्या पायांत कळ येते. असं होतं का कुणाला?" त्या खालच्या आवाजात बोलत होत्या, चेष्टा होईल म्हणून तयारीने. आयती संधी होती. एखादं बोचरं वाक्य जिभेवर आलंही होतं. मग ती म्हणाली, "होतं, आई. खरंच दुखतं ते." सासूबाईंनी मान हलवली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. नंतर जेवणाच्या वेळी त्यांनी मुलाला दटावलं, "तिला मागून हात लावत जाऊ नकोस. समोरून ये, सांगून ये."

तपासनीस ठरलेल्या दिवशी आले. उंच, कडक इस्त्रीचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारे. ते डावीकडच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चला." आवारातून रस्त्यावर, रस्त्यावरून चौकात, थांब्यावर थांबायचं, दार उघडायचं, बघायचं, मिटायचं, निघायचं. पहिल्या थांब्याला तिचे हात चाकावर ओले झाले. दार उघडलं. खांदा वर गेला, तिने त्याला खाली यायला सांगितलं, तो अर्धाच आला. डोळे, नाक, हनुवटी. पायऱ्या रिकाम्या होत्या, आरशात एक सायकलवाला येत होता. तिने त्याला जाऊ दिलं, दार मिटलं. कळ आली होती, नेहमीच्या रस्त्याने खाली उतरत होती. पुढच्या थांब्याला पुन्हा. त्याच्या पुढच्या थांब्याला मागून कोणीतरी लांबलचक हॉर्न मारला, आणि क्षणभर तिला समोरची काच जवळ येताना दिसली. पाय ब्रेकवर होता तसाच राहिला. काच आपल्या जागी होती. तिने मान वळवली.

"दुखतंय का?" तपासनिसांनी विचारलं.

त्यांनी ते सहज विचारलं, खिडकीतून बाहेर बघत. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. नाही म्हणायची तिला वर्षभराची सवय होती, मोठ्या साहेबांना, शेजारणीला, नवऱ्याला. हो म्हटलं तर गाडी गेली, एवढं तिला कळत होतं. आणि नाही म्हटलं तर दर थांब्याला लपवणं आलं, खांदे पुन्हा कानांपर्यंत.

"हो," ती म्हणाली. "दुखतंय. पण वळतेय."

तपासनिसांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. गाडी डेपोत परत येईपर्यंत ते काहीच बोलले नाहीत आणि तो सगळा रस्ता तिने, आपण आपलीच मान कापून दिली असं म्हणत, चालवला. आवारात गाडी उभी केल्यावर ते उठले, इस्त्री सारखी केली. "दुखतं त्याला गाडी देऊ नये असा नियम नाही," ते म्हणाले. "बघत नाही त्याला देऊ नये असा आहे. तुम्ही दर वेळी बघितलंत. पण आधी छोटी फेरी, अर्धा दिवस. आणि त्रास वाढला तर गाडी उभी करायची. शौर्य नको." ते उतरून गेले. ती किल्ली हातात घेऊन बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण हळूहळू, हातपाय थंड पडल्यावर रक्त परत यावं तसा, मुंग्या आणत.

घरी सांगितलं तेव्हा नवरा समोर उभा होता. "तुम्हाला काय वाटतं, जमेल?" तिने विचारलं. त्याने जरा विचार केला. "दुखेल," तो म्हणाला. "दुखलं की मला सांगत जा. मला कळत नाही ना, तेच जास्त लागतं." इतका साधा माणूस, आणि वर्षभर ती त्याच्यापासूनही लपवत होती, त्याला त्रास नको म्हणून.

पहिल्या दिवशी सकाळ बरी गेली. छोटी फेरी, ओळखीचे थांबे, शिट्टी मागे तिकिटं फाडत होती आणि मधूनमधून आरशातून तिच्याकडे नजर टाकत होती. दुपारकडे मान भरून आली. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवून उभी केली, माणसं चढली, बसली, निघायची वेळ झाली. ती निघू शकली असती. दात आवळून निघणं तिला येत होतं, वर्षभर दुसरं काय केलं होतं. तिने इंजिन बंद केलं. गाडीत एकदम शांतता झाली. तिने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले, खांदे खाली सोडले आणि मान सावकाश डावीकडे न्यायला सुरुवात केली.

"काय झालं?" मधल्या सीटवरून एका माणसाने विचारलं. "गाडी बिघडली का?"

शिट्टी काहीतरी सांभाळून घ्यायला पुढे येत होती. तिने हाताने तिला थांबवलं.

"गाडी ठीक आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी मान दुखतेय. थोडं थांबून निघू."

ती वाट बघत होती. आता कोणीतरी घड्याळ बघेल, कोणीतरी शेजारच्याकडे बघून तोंड वाकडं करेल. मागच्या बाजूला कोणीतरी खिडकीची काच सरकवली.

"बरं," तो माणूस म्हणाला, आणि बाहेर बघू लागला.